परीक्षा तिची, वेळ घराचा



दहावीचा मराठीचा पेपर तीन तासांचा असतो, हे आपल्याला माहीत आहे. पोलिस भरतीचा लेखी पेपर दीड तासाचा, तलाठी भरतीचा दोन तासांचा. आज मी ज्या परीक्षेबद्दल बोलणार आहे, ती २३ तास ४५ मिनिटांची आहे. एका अख्ख्या दिवसाला फक्त पंधरा मिनिटं कमी. ती संपली की लगेच पुढचे २४ तास मिळतात, केलेल्या कामाचा अहवाल लिहून पाठवायला. म्हणजे झाले दोन दिवस. आणि या परीक्षेला कुठल्या केंद्रावर जायचं नसतं. आपल्याच घरात, एका खोलीत, आपल्याच लॅपटॉपवर ती द्यायची असते.

तुम्ही म्हणाल, आमचा आणि असल्या परीक्षेचा काय संबंध? संबंध आहे. आपल्या गावांतल्या मुली आता कॉम्प्युटर शिकताहेत. कोणी इंजिनिअरिंग करते, कोणी बीसीए, कोणी तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी. त्यातल्या काहीजणी संगणक सुरक्षेच्या कामाकडे वळतात. मीही त्यातलीच. लग्नानंतर, सासरच्या घरातून मी ही परीक्षा दिली आणि आज त्याच कामावर माझं पोट आहे. अभ्यास कसा करायचा हे त्या मुली शिकतीलच. पण घरात बसून दोन दिवस परीक्षा द्यायची, तर त्या घराला काय करावं लागतं, हे घरातल्या बायकांशीच बोलायला हवं. म्हणून आज तुमच्याशी बोलते आहे.

आधी हे काम काय आहे ते सांगते. आपल्या बचत गटाच्या पेटीला कुलूप असतं. समजा, तुम्ही तुमच्यातल्याच एका हुशार बाईला सांगितलं, की बाई, ही पेटी किल्लीशिवाय उघडते का ते बघ, आणि उघडली तर कशी उघडली ते आम्हाला लिहून दे. तिने कडी सैल असल्याचं दाखवलं, तर आपण चोर येण्याआधी कडी बदलू. बँका, दवाखाने, कंपन्या यांच्या कॉम्प्युटरचंही तसंच असतं. त्यांचीच परवानगी घेऊन त्यांची कुलपं तपासायची आणि कच्चेपणा लिहून द्यायचा, हे आमचं काम. परवानगी हा यातला मुख्य शब्द आहे. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरणं हा २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घरात कोणी म्हणालं, की पोरगी हॅकिंग शिकते म्हणजे काहीतरी वाईट करते, तर त्यांना हा फरक जरूर सांगा.

या कामाची गरज आपल्यालाही आहे. गटाचे पैसे आता बँकेत असतात, हप्ता मोबाईलवरून भरला जातो, आणि ओटीपी विचारणारे फोन आपल्यालाही येतात. जाता जाता सांगते, अशी फसवणूक झाली तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

आता परीक्षा. या क्षेत्रात बऱ्याच परीक्षा आहेत. कोणती ४८ तासांची, कोणती पाच दिवसांची, एक तर दहा दिवसांचीही आहे. मी दिली ती ओएससीपी. ऑफसेक नावाची कंपनी ती घेते. तिचा अभ्यासक्रम आणि फी मिळून खर्च दीड लाखाच्या आसपास जातो. म्हणजे एका चांगल्या दुभत्या म्हशीची किंमत. ती फी मुलीने स्वतः साठवलेली असते, नाहीतर घराने कर्ज काढून दिलेली असते. म्हणून ते दोन दिवस वाया जाऊ देणं कोणालाच परवडत नाही.

परीक्षेत लेखी प्रश्न नसतात. काही कॉम्प्युटर दिलेले असतात. ते दूर कुठेतरी असतात, इंटरनेटवरून त्यांच्यापर्यंत पोचायचं असतं. एकूण गुण १००, पास व्हायला ७० हवेत. तीन कॉम्प्युटर सुटे असतात, प्रत्येकाला २० गुण. आत शिरलं की १०, आणि आत गेल्यावर पूर्ण ताबा मिळवला की आणखी १०. उरलेले ४० गुण तीन कॉम्प्युटरच्या एका जाळ्याला असतात. एखाद्या ऑफिसात सगळी यंत्रं एकमेकांना जोडलेली असतात ना, तसं ते जाळं. पुस्तकं, स्वतःच्या वह्या, इंटरनेटवरची माहिती बघायला हरकत नसते. मात्र दुसऱ्या माणसाची मदत चालत नाही, आणि चॅटजीपीटीसारख्या यंत्राचीही चालत नाही. कॅमेरा सुरू असतो आणि तिकडून निरीक्षक लक्ष ठेवून असतो.

एवढं ऐकलं की पहिला विचार येतो, बाप रे, चोवीस तास जागायचं! आणि इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. ही परीक्षा जागण्याची नाही. हवी तेवढी विश्रांती घ्यायची मुभा आहे. जेवायला उठा, अंघोळ करा, झोपा. फक्त उठताना आणि परत बसताना निरीक्षकाला लिहून कळवायचं. घड्याळ मात्र थांबत नाही. म्हणून वेळेची वाटणी आधीच करावी लागते, आणि त्या वाटणीत झोपेचा वाटा पहिला काढून ठेवावा लागतो.

असं मी का म्हणते ते ऐका. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी एक प्रयोग केला. काही माणसांना जागं ठेवून त्यांच्याकडून हाताचं आणि नजरेचं एक काम करून घेतलं, आणि दारू पाजूनही तेच काम करून घेतलं. सतरा तास जागलेल्या माणसाचं काम, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकं बिघडलं होतं. आपल्या देशात गाडी चालवताना पकडलं, तर १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर दारू असणं हा गुन्हा आहे, म्हणजे ०.०३ टक्के. सतरा तासांचं जागरण त्याच्याही पुढे जातं. आणि या माणसाच्या तोंडाला दारूचा वास येत नाही, त्यामुळे त्याचं त्यालाही कळत नाही.

आता आपला हिशोब करू. पहाटे पाचला उठलेल्या बाईचे सतरा तास रात्री किती वाजता भरतात? दहाला. परीक्षा सकाळी दहाला सुरू होणार असेल, आणि सून पाचला उठून पाणी भरून, झाडलोट करून, डबे करून, धुणं धुऊन मग लॅपटॉपसमोर बसली, तर तिचे पाच तास आधीच खर्च झालेले असतात. ज्या मुलाची आई त्याला आठला उठवून हातात चहा देते, तोही दहालाच बसतो. दोघांचं घड्याळ एकच, परीक्षाही एकच, पण मुलाचं डोकं रात्री एकपर्यंत ताजं राहतं आणि हिचं दहालाच थकतं. याला तिची हुशारी कमी पडली असं म्हणता येईल का?

हे काही माझ्या मनाचं नाही. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं, की घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, आणि असं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. २८९ मिनिटं म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त. परीक्षेच्या दिवशी हे पावणेपाच तास कोणीतरी उचलायला हवेत. ती दोन दिवस आजारी पडली असती तर उचललेच असते ना? मग दिवस आधीच ठरलेला असताना उचलायला काय हरकत आहे?

आता मुलींसाठी वेळेची वाटणी सांगते. ऐकणाऱ्या आयांनी आणि सासवांनीही ती ध्यानात ठेवावी, म्हणजे कधी हाक मारायची आणि कधी नाही ते कळेल. सकाळी दहाला सुरुवात धरू. उठायचं सातला, त्याआधी नाही. आदल्या रात्री जागून शेवटचा अभ्यास करायचा नाही. परीक्षेच्या पंधरा मिनिटं आधी कॅमेऱ्यासमोर ओळखपत्र आणि खोली दाखवायची असते. दहा ते एक पहिला टप्पा. एकला जेवण. दोन ते पाच दुसरा टप्पा. पाचला खोलीबाहेर पडायचं, अंगणात दोन फेऱ्या मारायच्या, डोळ्यांवर गार पाणी मारायचं. साडेपाच ते आठ तिसरा टप्पा. आठला जेवण. नऊ ते साडेअकरा चौथा टप्पा. साडेअकराला अंथरुणावर. पाचला उठायचं. उठल्या उठल्या अर्धा तास डोकं जड असतं, त्या वेळात तोंड धुणं, चहा. साडेपाच ते पावणेदहा शेवटचा टप्पा. हिशोब केला तर साडेपाच तास झोप होऊनही कामाला सव्वापंधरा तास मिळतात. सव्वापंधरा तास ताज्या डोक्याचं काम हे तेवीस तास पेंगुळलेल्या डोक्याच्या कामापेक्षा केव्हाही जास्त भरतं.

प्रत्येक टप्प्यातही दीड तास झाला की दहा मिनिटं उठायचं. गजर लावून उठायचं, कारण कामात गढलेल्या माणसाला स्वतःहून उठणं जमत नाही. भात लावताना वाकलेली कंबर बांधाशी पोचलं की आपण सरळ करतोच. डोक्याचं कामही वाकून केलेलंच काम आहे.

पहिल्या तासात काय करायचं? स्वयंपाकघरात आपण जे करतो तेच. आधी डाळ-तांदळाचा कुकर चढवतो, तो शिट्ट्या देईपर्यंत भाजी चिरतो, कणीक मळतो. कुकरसमोर हात बांधून कोणी उभं राहत नाही. या परीक्षेत प्रत्येक कॉम्प्युटरची कोणकोणती दारं आहेत ते शोधायचं एक काम असतं, त्याला स्कॅन म्हणतात. त्याला वेळ लागतो, पण ते आपोआप चालतं. म्हणून सगळ्या कॉम्प्युटरची स्कॅन आधी लावून द्यायची आणि तोवर एकावर हाताने काम सुरू करायचं.

दुसरी गोष्ट, एकाच ठिकाणी अडकून बसायचं नाही. दोऱ्याची गाठ सुटत नसली की आपण नख घालून घालून ती आणखी घट्ट करतो. मग जाऊबाई येते, गुंडा हातात घेते, आणि बघता बघता सोडवते. तिचे हात काही वेगळे नसतात, तिची नजर ताजी असते. परीक्षेत जाऊबाई नसते, म्हणून आपली नजर आपणच ताजी करायची. एका कॉम्प्युटरवर तासभर नवीन काहीच हाती लागलं नाही, की वहीत लिहायचं, इथवर आले, हे करून पाहिलं, आणि दुसऱ्यावर जायचं. माझ्या ओळखीची एक मुलगी दुपारी दोनपासून रात्री आठपर्यंत एकाच कॉम्प्युटरवर बसून होती. जेवायलाही उठली नाही. शेवटी आईने जबरदस्तीने ताटावर बसवलं, आणि तिसऱ्या घासाला तिला आठवलं की एक दार आपण उघडून पाहिलंच नव्हतं. ताटावरून उठून तिने पंचवीस मिनिटांत काम फत्ते केलं. ती सहा तास बसली म्हणून ते सुटलं नाही, ती उठली म्हणून सुटलं.

तिसरी गोष्ट, गुणांचा हिशोब समोर लावून ठेवायचा. शंभर मिळवायचे नाहीत, सत्तर मिळवायचेत. जाळ्याचे ४०, एका कॉम्प्युटरचे २० आणि दुसऱ्याचे निम्मे म्हणजे १०, झाले ७०. किंवा तिन्ही सुट्या कॉम्प्युटरचे ६० आणि जाळ्यातले पहिले १०. सत्तर गाठले की जीव भांड्यात पडतो. मग उरलेल्या वेळात आधी केलेलं पुन्हा तपासायचं, पुरावे जागेवर आहेत का बघायचं, आणि मगच जास्तीच्या गुणांमागे लागायचं.

पुराव्यांचं तर आपल्या गटातल्या बायकांना सांगायलाच नको. सभेत पैसे आले की तेव्हाच वहीत नोंद होते आणि सही घेतली जाते. घरी जाऊन आठवून लिहू म्हटलं, तर पन्नास रुपयांचा घोळ ठरलेला. परीक्षेतही प्रत्येक पायरी केल्याबरोबर तिचा स्क्रीनशॉट घ्यायचा आणि दोन ओळी लिहायच्या. वेळ संपली की ते कॉम्प्युटर बंद होतात. मग राहिलेला स्क्रीनशॉट कुठून आणणार? काम झालं पण पुरावा नाही, तर गुण नाहीत.

आता खाण्यापिण्याचं. परीक्षा आहे म्हणून पुरणपोळी करू नका. प्रेमाने केलेलं जड जेवण दोन तासांची झोप घेऊन येतं. मुगाची खिचडी, ताक, भाकरी आणि पालेभाजी, असं साधं आणि रोजच्या सवयीचं द्या. मधल्या वेळेला मूठभर शेंगदाणे आणि गूळ, केळं, फुटाणे. पाण्याचा तांब्या भरून हाताशी, पण लॅपटॉपपासून लांब. चहा सकाळी आणि दुपारी. चहा-कॉफीतलं कॅफिन पाच-सहा तासांनीसुद्धा निम्मं अंगात शिल्लक असतं, तेव्हा संध्याकाळी सहानंतर चहा मागितला तर आलं-गवती चहाचा पत्तीविना काढा द्या. नाहीतर साडेअकराला ती आढ्याकडे बघत पडून राहील.

एक गोष्ट आपण बायका बोलत नाही, ती बोलते. परीक्षेची तारीख आपणच निवडायची असते. पाळीचे पहिले दोन दिवस ज्यांना जड जातात, त्यांनी महिन्याचा अंदाज घेऊन तारीख घ्यावी. तरीही पाळी आलीच, तर बाजूला बसवणं वगैरे त्या दिवशी नको. गरम पाण्याची पिशवी, पॅड, डॉक्टरांनी सांगितलेली गोळी खोलीत आधीच ठेवावी. आणि रक्ताकडे महिनाभर आधी लक्ष द्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. निम्म्याहून जास्त. रक्त कमी असलं की दम लागतो, डोकं दुखतं, लक्ष टिकत नाही. आपण त्याला आळस म्हणतो. आशाताईंना सांगून उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या, लोहाच्या गोळ्या लागत असतील तर चालू करा.

घराने काय करायचं, त्याची आता यादी सांगते. पहिलं, वीज. तुमच्या भागात देखभालीसाठी कोणत्या वारी वीज बंद असते ते वायरमनला विचारा आणि तो वार टाळून तारीख घ्या. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या बॅटरीचं पाणी तपासा. नसेल तर दोन दिवसांसाठी कोणाकडून मिळतो का पाहा. त्यावर लॅपटॉप आणि नेटचा डबा एवढंच चालवा. टीव्ही आणि मिक्सर त्यावर नको. आपल्याकडची वीज गेली म्हणून परीक्षेचं घड्याळ थांबत नाही.

दुसरं, नेट. घरचं नेट एका कंपनीचं असेल, तर दुसऱ्या कंपनीचं सिम रिचार्ज करून तयार ठेवा. कोणत्या कोपऱ्यात रेंज येते ते आदल्या दिवशी बघून ठेवा.

तिसरं, आवाज. तारीख घेण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर उघडा. लग्नाचे मुहूर्त, गावची जत्रा, सप्ताह, गणपती, नवरात्र बघा. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा लावायला कायद्याने बंदी आहे, पण दिवसा गावाला गप्प कसं करणार? तारीख हलवणं सोपं. सुगीच्या दिवसांतही तारीख नको. मळणी चालू असताना घरातला एकही हात मोकळा नसतो, आणि आतल्या खोलीत बसलेल्या मुलीचं मनही खळ्यावरच असतं.

चौथं, खोली. परीक्षा देणारीने त्या खोलीत एकटीनेच बसायचं. मधूनच कोणी पीठ काढायला आलं, कपाट उघडायला आलं, असं चालत नाही. तांदळाचा डबा, औषधं, मुलांची दप्तरं, दोन दिवस लागणारं सगळं सामान आदल्या दिवशी बाहेर काढा. माझ्या सासूबाईंनी दाराच्या कडीला लाल कापड बांधलं होतं. कापड दिसलं की हाक मारायची नाही, असा घरात नियम. पाच वर्षांच्या पुतण्यालाही तो कळला. शेजारची काकू वाटीभर साखर मागायला आली, तीही कापड बघून हळू बोलली.

पाचवं, लेकरू. मूल लहान असेल तर दोन दिवस त्याला कोण बघणार, हे नाव घेऊन ठरवा. 'आपण सगळे आहोत की' असं म्हटलं, की शेवटी कोणीच नसतं. दुपारी आजी, संध्याकाळी बाप, रात्री कोणाजवळ झोपणार, तेही ठरवा. अंगावर पिणारं मूल असेल तर पाजण्याच्या वेळा विश्रांतीच्या वेळांशी जुळवून घ्या. निरीक्षकाला कळवून उठता येतं, तेव्हा त्यात अडचण नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाला ती खोलीबाहेर येईल, तेव्हा परीक्षा संपलेली नसते. घराला वाटतं, झालं, सुटली बिचारी. मग तिच्या हातात लाटणं येतं, नाहीतर मामा-मामी भेटायला येतात. पण अहवालाचे २४ तास तेव्हाच सुरू झालेले असतात. काय केलं, कसं केलं, कोणत्या क्रमाने केलं, हे इतकं नीट लिहायचं असतं, की दुसऱ्या कोणी वाचून तसंच करून पाहावं आणि त्याला तेच दिसावं. अहवाल अपुरा पडला तर आदल्या दिवशी कमावलेले गुणही जातात. म्हणून लाल कापड दुसऱ्या दिवशीही दारावर राहू द्या. तिने आधी अंघोळ करावी, जेवावं, तीन-चार तास झोपावं. दुपारी उठून लिहायला बसावं, रात्री पुरतं करावं, आणि पाठवण्याआधी एकदा झोपून सकाळी ताज्या डोळ्यांनी वाचून मगच पाठवावं. मात्र शेवटच्या घटकेवर ठेवू नये, कारण नेमकं तेव्हाच नेट जातं.

निकाल कळायला काही दिवस जातात. कित्येकजण पहिल्या खेपेला पास होत नाहीत. पुन्हा फी भरून पुन्हा बसता येतं. नापास झाली तर 'एवढे पैसे घातले, एवढं सगळं केलं' असं बोलून दाखवू नका. ते तिला पाठ असतं. तिच्या वहीत त्या दिवशीची प्रत्येक पायरी लिहिलेली आहे. कुठे अडलं ते त्यात आहे, आणि पुढच्या खेपेची सुरुवात तिथूनच होते.

मैत्रिणींनो, मी बोलले ते एका परीक्षेबद्दल. पण सतरा तासांचा हिशोब आपल्या सगळ्यांचा आहे. दहानंतर आपण गटाचा जमाखर्च लिहितो, कर्जाच्या कागदावर सही करतो, फोनवर आलेला मेसेज उघडून बटण दाबतो. त्या वेळेला आपलं डोकं कोणत्या अवस्थेत असतं, ते आता तुम्हाला कळलं आहे. तेव्हा पैशाचं आणि सहीचं काम रात्री दहानंतर करायचं नाही, असा ठराव तुमच्या गटाच्या पुढच्या सभेत मांडा. सभेत प्रत्येकीला विचारा, आज किती वाजता उठलीस? आणि तुझे सतरा तास कधी भरतात? उत्तरं वहीत लिहा. मग ठरवा, कोणाचं कोणतं काम कोण उचलू शकतं.

आणि तुमच्या गावात कोणी मुलगी अशा परीक्षेला बसणार असेल, तर तिच्या आईला किंवा सासूला विचारा, त्या दोन दिवसांत पाणी कोण भरणार? तिथे अडत असेल, तर गटातल्या दोघींनी एक एक वेळ वाटून घ्या. डबा पोचवा, लेकरू सांभाळा. आपण लग्नाला, बाळंतपणाला, सुगीला एकमेकींच्या घरी राबतोच. या यादीत परीक्षाही धरू या.